न आलेल्या पेशंटला फोन कोण करतं?

सरकारी रुग्णालयाच्या सर्जरी वॉर्डात मधुमेहाने पाय चिघळलेले पेशंट असतात. त्यांच्या नातेवाइकांना विचारलं, की उत्तर बहुतेक वेळा सारखंच येतं. शुगर दहा-बारा वर्षांपासून आहे, गोळ्या चालू होत्या, "मध्ये बंद केल्या होत्या."

हा लेख त्या 'मध्ये'बद्दल आहे.

मधुमेहाचं पहिल्या पायरीचं औषध, मेटफॉर्मिन, स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. कोणाला किती द्यायचं, कधी वाढवायचं, दुसरी गोळी कधी जोडायची हे ठरलेलं आहे. त्यात गूढ काही उरलेलं नाही. पेशंट डॉक्टरांसमोर बसलेला असतो ती पाच मिनिटंही बरी जातात. बिघडतं ते एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंतच्या काळात. त्या काळात पेशंट कोणाचाच नसतो. ते दिवस कोणीतरी आपली जबाबदारी मानावेत, यासाठी केलेल्या व्यवस्थेला समन्वित उपचार म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट साधी आहे.

आधी फेऱ्या मोजू. समजा, अठ्ठेचाळीस वर्षांच्या एक बाई आहेत, चार घरी धुणीभांडी करतात. गोळ्या महिन्याच्या मिळतात, म्हणजे वर्षाला १२ फेऱ्या. रक्ताच्या तपासण्या वर्षातून दोनदाच धरू. एकदा रक्त द्यायला आणि एकदा रिपोर्ट दाखवायला जायचं, म्हणजे आणखी ४. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा असतो. पहिल्या दिवशी पुढची तारीख मिळते. तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी करणारं औषध घालतात, मग काही तास धूसर दिसतं आणि सोबत माणूस लागतो. म्हणजे २ फेऱ्या, शिवाय सोबत आलेल्याचा खाडा वेगळा. हे झाले १८ दिवस. पायांची तपासणी, लघवीची तपासणी आणि 'आज मशीन बंद आहे' म्हणून रिकामं परत येणं यात धरलेलं नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग खायचं, दोन तास थांबून पुन्हा रक्त द्यायचं, या क्रमात सकाळची कामं बुडतातच.

पगारी सुट्टी असलेल्या माणसाला हे अठरा दिवस जाणवतही नाहीत. या बाईंसाठी मात्र ती जवळजवळ तीन आठवड्यांची मजुरी आहे. त्यामुळे त्या एखादी फेरी चुकवतात, मग दुसरी. आणि मधुमेहाचा स्वभाव असा, की फेरी चुकली म्हणून काही दुखत नाही. दात दुखला तर माणूस रात्री उठून डॉक्टर शोधतो. शुगर ३०० झाली तरी माणूस कामावर जाऊ शकतो. थोडा थकवा, थोडी जास्त तहान, रात्री दोनदा उठावं लागणं, हे सगळं वयावर ढकलता येतं.

आत मात्र नासधूस चालू असते. रक्तातली वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्या खराब करते आणि त्याचा फटका बसतो डोळ्यांच्या पडद्याला, मूत्रपिंडांना आणि नसांना. पायाची संवेदना गेली, की चपलेतला खडा टोचत नाही. खडा टोचला नाही, की जखम कळत नाही. दुखत नसल्यामुळे ती कोणी बघतही नाही. एचबीए१सी नावाची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते. दवाखान्यात तिला सरळ 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. ब्रिटनमध्ये वीस वर्षं चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात हा आकडा १ टक्क्याने कमी असलेल्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे ३७ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ९ वरून ८ वर येणं हीसुद्धा मोठी कमाई आहे. 'नॉर्मल' झालं नाही म्हणून ती वाया जात नाही. हे पेशंटला सांगायला कोणीतरी हवं, कारण रिपोर्टवर ८ दिसला की अनेक जण 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या सोडतात.

शुगर हा श्रीमंतांचा, बसून खाणाऱ्यांचा आजार, ही समजूत अजूनही घट्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. भारतात मधुमेही १० कोटींच्या वर, प्रमाण ११.४ टक्के, आणि सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के. शहरी आणि सुखवस्तू लोकांत प्रमाण जास्त आहे हे खरंच. पण गरीब घरातला सडपातळ माणूस सुरक्षित नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे आयुष्यभर अभ्यासलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून दोघंही बारीक. आईच्या पोटात असताना पोषण अपुरं पडलेलं बाळ कमी वजनाचं जन्मतं, पण चरबी राखून ठेवतं, आणि पुढे मधुमेहाचा धोका घेऊन वाढतं, असं त्यांचं काम सांगतं. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या घरांत हा आजार का शिरतो, याचा एक धागा इथे सापडतो. म्हणून 'काटक आहे, त्याला कसली शुगर' हे वाक्य आता सोडून द्यायला हवं.

आजार जडल्यावर तर गरिबी प्रत्येक सल्ल्याच्या आड येते. 'भात कमी, भाज्या जास्त' असं सांगितलं जातं, पण रेशनवर तांदूळ आणि गहू मिळतात, भाजी विकत घ्यावी लागते. 'वेळेवर जेवा' म्हणतात, पण जेवणाची वेळ मुकादमाच्या हातात असते. काही गोळ्या साखर जोरात खाली आणतात. त्या घेऊन न खाता कामावर गेलं, तर घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. एकदा असं झालं, की माणूस ती गोळी गुपचूप बंद करतो आणि डॉक्टरांना 'घेतोय' असं सांगतो. डॉक्टर शुगर वाढलेली बघून डोस वाढवतात. पुढच्या वेळी त्याने घाबरून खरोखर वाढीव गोळी घेतली, तर? श्रावणात, नवरात्रात उपवास असतो, आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. इन्सुलिन लागत असेल तर फ्रिज हवा. नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात कुपी बऱ्यापैकी गार राहते, पण हे सांगायला कोणाकडे वेळ असतो?

या सगळ्यात औषधशास्त्र फारसं नाही. ही चौकशी आहे, आणि चौकशी करायला ओळख लागते. शंभर पेशंट रांगेत असलेल्या डॉक्टरांकडून ती होणार नाही. त्यांना दोष देऊनही होणार नाही. म्हणून ते काम दुसऱ्या कोणाकडे तरी, नावानिशी, सोपवावं लागतं.

समन्वित उपचारांत सर्वांत आधी लागते यादी. वरकरणी ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे. आपल्या बहुतेक दवाखान्यांत आलेल्यांची नोंद होते. ओपीडीच्या रजिस्टरात आज किती आले ते सापडतं. आज कोण यायला हवं होतं आणि आलं नाही, हे त्या रजिस्टरात कुठेच नसतं. चांगल्या कार्यक्रमात प्रत्येक पेशंटची पुढची तारीख नोंदलेली असते, आणि तारीख उलटली की नाव आपोआप वेगळ्या यादीत येतं. त्या यादीवरून फोन जातो. फोन लागला नाही, तर घरी कोणीतरी जातं.

हे आपल्याला नवीन नाही. क्षयरोगासाठी देशाने ते केलं आहे. १९९७ नंतर पसरलेल्या डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली गोळ्या देण्याच्या, कार्यक्रमात प्रत्येक पेशंटसाठी पूर्ण कोर्सची औषधं एका खोक्यात, त्याच्या नावाने, राखून ठेवलेली असत. खोक्यातल्या गोळ्या तशाच राहिल्या, तर तो आला नाही हे कपाट उघडणाऱ्याला दिसायचं. मधुमेहाचा तर टीबीशी थेट संबंधही आहे. मधुमेह असलेल्याला टीबी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून एका आजाराच्या पेशंटची दुसऱ्यासाठी तपासणी करायची असते. फरक एवढाच, की टीबीचा कोर्स काही महिन्यांनी संपतो, शुगरचा आयुष्यभर चालतो. त्यामुळे इथे पाठपुरावाही न थकता चालणारा लागतो.

यादीनंतर लागतो तो माणूस. नर्स, समुपदेशक, आशाताई, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, कोणीही चालेल, पण ठरलेला हवा. पेशंटला त्याचं नाव आणि चेहरा माहीत असला पाहिजे. 'गोळी बंद केली होती' हे खरं त्यालाच सांगितलं जाईल. शिवाय त्या माणसाला थोडे अधिकार हवेत. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे शुगर अमुक इतकी असेल तर डोस तमुक इतका वाढवायचा, हे प्रशिक्षित नर्सला डॉक्टरांच्या देखरेखीखाली करता आलं, तर पेशंटची एक फेरी वाचते. नुसतं 'डॉक्टरांना भेटा' सांगणारा मदतनीस म्हणजे रांगेत आणखी एक खिडकी.

आणि चिठ्ठीचा परतीचा प्रवास. माझ्या मावशीला एका दवाखान्यातून 'डोळे दाखवा' अशी चिठ्ठी मिळाली होती. तिने ती नीट घडी घालून कपाटातल्या डब्यात ठेवली. दोन वर्षांनी नजर अंधूक झाल्यावर आम्ही डबा उघडला, तेव्हा ती तशीच होती. मावशी निष्काळजी नव्हती. डोळ्यांना काही झालेलं नाही, मग दाखवायचं काय, असं तिला प्रामाणिकपणे वाटलं होतं. ज्यांनी चिठ्ठी दिली, त्यांना मावशी डोळे दाखवायला गेली की नाही हे कळण्याची सोयच नव्हती. पाठवणाऱ्याला 'पोहोचली, तपासलं, हे सापडलं' असं उत्तर परत येईपर्यंत चिठ्ठीचं काम पूर्ण होत नाही. समन्वयाची खरी परीक्षा मला इथे दिसते. त्याहून चांगलं म्हणजे चिठ्ठीच न लागणं. पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा तालुक्याला, गोळ्या घ्यायला पेशंट येतो त्याच दिवशी उपलब्ध असेल, तर अर्धा प्रश्न मिटतो. पायाच्या तपासणीला तर दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा एक धागा पुरतो. तो तळव्याला टेकवायचा आणि 'कळतंय का?' विचारायचं. दोन मिनिटांचं काम आहे. उपकेंद्रात होऊ शकतं.

याचा उपयोग होतो का? भारत आणि पाकिस्तानातल्या दहा मधुमेह क्लिनिकमध्ये ही गोष्ट पारखून पाहिली गेली. 'कार्स' नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १,१४६ पेशंटना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला एक समन्वयक, जो डॉक्टर नव्हता, आणि डॉक्टरांना पुढची पायरी सुचवणारं संगणकीय साधन. साधारण सव्वादोन वर्षांनी मोजलं. तीन महिन्यांची शुगर आटोक्यात आणि त्याबरोबर रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक आटोक्यात, असे पेशंट नेहमीच्या गटात ८.१ टक्के होते आणि समन्वयकाच्या गटात १८.२ टक्के.

हे दोन आकडे मी नीट बघायला सांगेन. प्रमाण दुपटीहून जास्त झालं, हे खरं. पण समन्वयक देऊनही पाचांतल्या चारांहून जास्त लोक त्या रेषेपर्यंत पोहोचले नाहीत, हेही खरं. आणि नेहमीच्या उपचारांत, तेही खास मधुमेहाच्या क्लिनिकमध्ये, शंभरात आठच. जो कोणी समन्वित उपचार म्हणजे रामबाण असं सांगतो, त्याला 'पाचांतल्या चारांहून जास्त' ही ओळ दाखवावी. जो 'पेशंट ऐकतच नाहीत, काय करणार' म्हणतो, त्याला 'दुपटीहून जास्त' ही.

अमेरिकेतला एक अनुभव याहून कडू आहे, पण शिकवणारा आहे. न्यू जर्सीतल्या कॅम्डेन या गरीब शहरात डॉ. जेफ्री ब्रेनर यांनी एक कल्पना राबवली. वारंवार रुग्णालयात भरती होणारे, अनेक जुनाट आजार असलेले लोक शोधायचे आणि घरी परतल्यावर त्यांच्यामागे नर्स, समाजसेवक, आरोग्यसेवक यांची टीम लावायची. या लोकांचं रुग्णालयात येणं कमी झालेलं दिसलं आणि देशभर वाहवा झाली. पुढे ८०० पेशंटची रीतसर चाचणी झाली. २०२० मध्ये निकाल आला: सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ६२ टक्के. काडीचा फरक नाही.

मग आधी कमी झालेलं कसं दिसलं? ताप १०३ असताना एखाद्याला निवडलं आणि दुसऱ्या दिवशी मोजला, तर तो बहुधा उतरलेलाच असतो, मध्ये काढा द्या वा न द्या. माणूस आजाराच्या शिगेला असताना निवडला, की पुढचे महिने थोडे बरे जाणारच. टीम नसलेल्या गटातही येणं तितकंच कमी झालं होतं. आपल्याकडे 'शिबिराआधी शुगर २५०, शिबिरानंतर १८०' असे फलक लागतात, तेव्हा हे आठवावं. शेजारी तुलनेचा गट नसेल, तर तो आकडा फारसं काही सांगत नाही. कॅम्डेनमधून मी आणखी एक गोष्ट घेतो, आणि ते माझं मत आहे. समन्वयक पेशंटला दारापर्यंत नेऊ शकतो. दाराआड घर, मानसोपचार, व्यसनमुक्तीची सोय यांतलं काहीच नसेल, तर दारापर्यंत नेऊन काय होणार? तिथले पेशंट फार उशिराच्या टप्प्यावर होते. मधुमेहात समन्वयाचं फळ मिळतं ते आधी, पाय शाबूत असताना.

त्याच अमेरिकेत सॅन डिएगोला १९९७ मध्ये सुरू झालेला 'प्रोजेक्ट डुल्से' मात्र टिकला. तिथे उपचारांची सूत्रं खास प्रशिक्षित नर्सकडे असतात आणि वर्ग घेतात ते स्वतः मधुमेह असलेले, त्याच वस्तीतले, घरी स्पॅनिश बोलणारे लोक. 'मी पण हेच खातो, मी असं केलं' हे वाक्य आहारतज्ज्ञाच्या तक्त्यापेक्षा खोल उतरतं. उपवासाच्या खिचडीऐवजी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी, तीही वाटीभरच, हे शेजारच्या काकूंनी सांगितलं तर पटेल. पांढरा कोट घातलेल्याने सांगितलं तर ते 'पथ्य' होतं.

आता आपल्याकडे. राष्ट्रीय पातळीवर मधुमेह, कर्करोग, हृदयविकार यांचा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०१८ पासून उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी आले. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा फॉर्म भरतात: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला आजार. गुण ४ च्या वर गेले, की तपासणीला आधी बोलवायचं. म्हणजे सांगाडा उभा आहे. रक्तदाबासाठी तर महाराष्ट्रात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांनी सुरुवातीच्या टप्प्यात वेगळं काम केलं. ठरलेला औषधांचा तक्ता, औषधांचा अखंड साठा, गावाजवळ गोळ्या मिळणं, आणि तारीख उलटलेल्यांची यादी. हीच रीत मधुमेहाला जशीच्या तशी लागू पडते. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी लोकांना नियमित उपचारांत आणण्याचं उद्दिष्टही जाहीर केलं.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, उद्दिष्ट तपासण्यांचं असलं, की सगळी धावपळ तपासण्यांमागे जाते. किती जणांचं बोट टोचलं हे मोजलं जातं, त्यांतले वर्षानंतर किती जण गोळ्या घेतात हे फार कमी. दुसरं, पैशाची दिशा. महात्मा फुले जन आरोग्य योजना डायलिसिसचा खर्च उचलते, आणि ते हवंच. पण रुग्णालयातल्या उपचारांसाठी असलेली योजना डायलिसिसची वेळ टाळणारा फोन, घरभेट, मागे लागणारी नर्स यांचे पैसे देत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून सगळं मोफत झालं. हे फार चांगलं झालं. तरी बुडालेल्या मजुरीचा खर्च पेशंटच्याच माथी राहतो.

ऊसतोड कामगारांचं बघा. बीडहून दिवाळीच्या सुमारास कोयता निघतो, तो मार्च-एप्रिलला परततो. खाडा केला तर उचलीतून दंड कापला जातो. कार्ड गावच्या उपकेंद्रात, माणूस सांगली-कोल्हापूरच्या फडात. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या, कार्ड सोबत दिलं, आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला नावांची यादी कळवली, तर यातला बराचसा गुंता सुटेल. नवं औषध नको, नवी इमारत नको. दोन जिल्ह्यांच्या रजिस्टरांनी एकमेकांशी बोलायचं आहे. आणि फडात बिनचपलेचं कोणी उतरणार नाही, हे मुकादमाला कोणीतरी बजावायचं आहे.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना शुगर असेल, तर तीन गोष्टी विचारून बघा: पुढची तारीख कधी आहे, डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला, आणि गोळी घेतल्यावर गरगरतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, तर ते डॉक्टरांपर्यंत लवकर पोहोचलं पाहिजे. आणि तपासणीच्या दिवशी त्यांना सांगा, आज दुपारी या, पैसे कापणार नाही. त्या दिवशी दुसऱ्यांदा रक्त देऊन होईपर्यंत साडेअकरा वाजतात.